आनंदाच्या फैरी

१

“काकू, तुम्ही तरी काही बोला ना,” सुमनबाई म्हणाली. आणि बोलता येत नव्हतं ते नेमकं मलाच.

रथसप्तमीला सूर्याला नैवेद्य दाखवेपर्यंत माझं मौन असतं. मदन महाल वस्तीतल्या आमच्या सगळ्या मराठी घरांना हे ठाऊक आहे. तरी त्या दिवशी ज्याला त्याला माझ्याशीच काम निघतं. सकाळी दूधवाला काहीतरी विचारून गेला, शेजारची पंजाबीण विचारून गेली, आमचे हे तर माझ्यासमोर उभे राहून “टोपी कुठं आहे माझी? बोलत काहून नाहीस?” म्हणाले, आणि टोपी डोक्यावरच होती. तेवढं मी सोसलं. पण दारात पोरगी रडत उभी आहे आणि आपण हातानं खुणा करतोय, हे काही मला सोसेना. मी घाईनं खिरीभोवती पाणी फिरवलं, उन्हाकडं बघून हात जोडले. असा धावता नैवेद्य मी जन्मात दाखवला नव्हता. सूर्यनारायणानं तो कसा घेतला कोण जाणे.

“बस,” मी म्हटलं. “पहिल्यापासून सांग.”

“मंडळातल्या पादुका गेल्या, काकू. आणि त्या मी नेल्या म्हणतात.”

आमच्या मराठी मंडळाच्या सभागृहात मागच्या बाजूला देव्हाऱ्याची खोली आहे. तिथं दत्ताच्या चांदीच्या पादुका चंदनाच्या पेटीत असत. सुमनबाई ही मोतीरामजींची मुलगी. मोतीरामजी खमरियाच्या दारूगोळ्याच्या कारखान्यात कामाला. मागच्याच्या मागच्या दसऱ्याला नागपूरला जाऊन त्यांनी दीक्षा घेतली, तेव्हापासून घरात बुद्धाची तसबीर. सुमनबाई आमच्या सभागृहात बालवाडी चालवायची, म्हणून तिच्याकडं एक किल्ली होती. आणि गेल्याच महिन्यात तिला नगरपालिकेच्या शाळेत मास्तरणीची नेमणूक मिळाली होती. पोलिसांकडून चालचलणुकीचा दाखला यायचा तेवढा बाकी होता.

“तुळशीरामजी म्हणाले, आरतीपर्यंत पादुका आणून ठेव. नाही तर ठाण्यात नाव देतो.” तिनं पदरानं नाक पुसलं. “नाव गेलं की दाखला गेला. दाखला गेला की नोकरी गेली. बाबा तर काही बोलतच नाही. नुसते बसून राहिले.”

दिवेलागणीला आरती. दुपार तर झालीच होती.

“तू सकाळी काय पाहिलंस?”

“मी सव्वीस जानेवारीचा झेंडा घ्याले गेली. दाराला कुलूप होतं, माझ्या किल्लीनं उघडलं. पण काकू, पायरीवर चपला होत्या. जाड तळाचा जोड, नीट लावून ठेवलेला. मले वाटलं आत कोणी आहे. मग वाटलं, बाहेरून कुलूप आहे तर आत कोण असन? आवाज दिला. कोणी नव्हतं.”

“मग?”

“झेंडा घेतला, पोरांना मागच्या मैदानात नेलं. देव्हाऱ्याच्या खोलीत मी जातच नाही, तुमच्या लोकायले चालत नाही. परत येऊन कुलूप लावलं तेव्हा चपला नव्हत्या. हे मी सांगितलं तर तुळशीरामजी म्हणाले, चोर काय चपला काढून चोरी करतो?”

सगळे हसले असतील. हसायला आमच्या लोकांना वेळ लागत नाही.

मी मात्र वातींची टोपली काखेला मारून उठले. लक्षवातींचा वसा घेतलाय मी. रोज काही वाती वळल्याशिवाय पाणी घोटत नाही, मग चालता चालता वळाव्या लागल्या तरी चालेल. आणि चालता चालता माझ्या मनात एकच गोष्ट फिरत होती. हसले ते लोक, पण प्रश्न बरोबर होता. कोणता चोर चपला काढून चोरी करतो?

२

तुळशीरामजी मंडळाचे अध्यक्ष. ते सभागृहाच्या ओट्यावर मटाराच्या पोत्यांमध्ये बसले होते. संध्याकाळी प्रसादाचं जेवण होतं, त्यासाठी सकाळीच पनागरला जाऊन भाजी आणली होती त्यांनी.

“राधाबाई, तुम्ही यात पडू नका,” मला पाहताच ते म्हणाले. “हे माणसांचं काम आहे.”

“मी कुठं पडते? वाती द्यायला आले. पादुका शेवटच्या कोणी पाहिल्या?”

“आम्ही तिघांनी. पहाटेची काकडआरती झाली, मी, बळीराम पुजारी आणि दिवाकरराव. पादुका पेटीत होत्या. दिवाकररावांनी आमच्यासमोर कुलूप लावलं, मी पनागरच्या रस्त्याला लागलो. परत येऊन कुलूप उघडवलं तर पेटी रिकामी. किल्ल्या दोनच. एक दिवाकररावांकडं, एक त्या पोरीकडं. दिवाकरराव छावणीत परेडला. मग राहिलं कोण? हिशोब सरळ आहे.”

“ती तर म्हणते देव्हाऱ्याच्या खोलीत गेलीच नाही.”

“देव मानत नाही ती लोकं. ज्याले देवाची भीती नाही त्याले देवाच्या चांदीची काय भीती?”

मी वात वळत राहिले. नाही तर काहीतरी बोलून गेले असते, आणि सप्तमीला मला कोणाला कडू बोलायचं नव्हतं. देवाची भीती असलेली माणसं मी याच सभागृहात मंडळाची सतरंजी घरी नेताना पाहिली होती.

“पण आजच कशा गेल्या?” मी विचारलं.

“कारण उद्या जाणार होत्या! उद्याच्या गाडीनं मी पादुका नागपूरला घेऊन चाललो होतो, ठराव झाला आहे. राज्यं बदलली राधाबाई. नागपूर तिकडं मुंबईत गेलं, आपण इकडं मध्य प्रदेशात. आपली निम्मी घरं बदली घेऊन नागपूरला जाऊन राहिली. माझीही बदली झाली. इथं उद्या आरतीला चार डोकी उरणार नाहीत. देवाले काय एकटं ठेवायचं?”

“ठरावाला सगळ्यांनी हात वर केला होता?”

“बळीराम रडला. त्याचं तर पोटच पादुकांवर. दिवाकरराव काही बोलले नाहीत.”

“दिवाकरराव बोलले नाहीत?”

“हो ना. मलेही नवल वाटलं.”

दिवाकरराव म्हणजे आमचे चिटणीस. रेल्वेतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले. ते गप्प बसले, हे पादुका गेल्या त्याहून मोठं नवल होतं.

३

दिवाकररावांच्या दारात त्यांच्या चपला होत्या. जाड तळाच्या. पण जाड तळाच्या चपला आमच्या गल्लीत कोण वापरत नाही? आमच्या ह्यांच्याही तशाच आहेत. म्हणून मी ते मनात ठेवलं आणि आत गेले.

ते खुर्चीत बसून एक पाय कोमट पाण्याच्या घमेल्यात सोडून होते. मांडीवर जाड शब्दकोश.

“काय झालं पायाला?”

“सराटा रुतला हो. परेडच्या मैदानात. गवत वाळलंय सगळं.” त्यांनी कोश मिटला. “त्या सुमनबाईचं ऐकलं ना? फार वाईट झालं. फारच वाईट. पण कायद्यापुढं आपण काय करणार?”

“परेड कशी झाली?” मी विचारलं. “मला सकाळी अंगणात ऐकू आलं. दूध तापत होतं तेव्हाच बंदुका वाजल्या.”

हे खरं होतं. अंगणात गोवऱ्यांवर बोळकं चढवून मी बसले होते. छावणीकडून लांबून तडतड आली, एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडं धावत गेल्यासारखी, आणि परत आली. मग सगळं गप्प. मग पुन्हा. मग गप्प. मग पुन्हा एकदा. तिसऱ्या वेळी दूध उतू गेलं, पूर्वेकडं. शुभ असतं. बघायला कोणी नव्हतं ते जाऊ द्या.

दिवाकररावांचा चेहरा उजळला. ह्या माणसाला एक प्रश्न विचारावा आणि मग घरी जाऊन स्वयंपाक करून परत यावं, तरी उत्तर चालू असतं.

“आपण त्याला फैरी म्हणतो,” ते म्हणाले. “‘फैर’ आला इंग्रजी फायरवरून. पण आज झालं त्याचं खरं नाव वेगळं. फ्यू द ज्वा. फ्रेंच आहे. फ्यू म्हणजे विस्तव. आणि ह्या फ्यूचं मूळ कशात असेल, सांगा?”

“मला काय माहीत भाऊजी.”

“लॅटिनमध्ये. फोकस. अर्थ काय, तर चूल! घरातली साधी चूल, राधाबाई. तुमच्या अंगणात सकाळी पेटली होती ती.”

मला हे आवडलं, ते कबूल करते. बंदुकीचा शब्द चुलीतून निघाला असेल असं मला वाटलं नव्हतं.

“आणि ज्वा म्हणजे आनंद. आनंदाचा अग्नी. तिकडं लढाई जिंकली, राजाला मुलगा झाला, की लोक चौकात होळ्या पेटवायचे. पुढं फौजांनी लाकडाच्या ठिकाणी बंदुका घेतल्या. गोळी नाही बरं, नुसती दारू. कोणाला मारायचं नाही. रांगेच्या टोकाच्या जवानानं चाप ओढायचा, मग शेजारच्यानं, मग त्याच्या शेजारच्यानं. पुढच्या रांगेतून आवाज धावत जातो, मागच्या रांगेतून धावत परत येतो.”

“दीपमाळ लावल्यासारखं. एकावरून दुसरा.”

“वा! अगदी दीपमाळ!” त्यांचा पाय घमेल्यात हलला, पाणी सांडलं. “असं तीनदा. आणि मधे काय, तर शांतता. संपूर्ण. टाचणी पडली तर ऐकू येईल. सगळं मैदान श्वास रोखून. मला तिथं उभ्या उभ्या जाणवलं, ह्या शब्दाचा खरा अर्थ ह्या मधल्या शांततेत आहे. आवाज म्हणजे अग्नी, आणि ती शांतता म्हणजे आनंद.”

मी मान हलवली. मी पण तेच ऐकलं होतं. तडतड, शांतता, तडतड, शांतता. शब्द न् शब्द जुळत होता.

म्हणजे दिवाकरराव खरं बोलत होते. पादुका त्यांनी नेल्या नव्हत्या. आणि मग तुळशीरामजींच्या हिशोबात एक सुमनबाईच उरत होती.

उन्हं कलायला लागली होती. मला माझाच राग येत होता, आणि मौन संपलं होतं तरी तो कोणावर काढावा हे कळत नव्हतं.

४

बळीराम पुजाऱ्याच्या घरी मी गेले ती शेवटची आशा म्हणून. पादुका नागपूरला गेल्या तर त्याची उपजीविका जाणार होती. किल्ली नव्हती त्याच्याकडं, पण दिवाकररावांची किल्ली तो कधीमधी घासायची भांडी काढायला मागून नेई. आज नेली असेल तर?

“मी सकाळपासून घरीच होतो जी,” मी काही विचारायच्या आत तो म्हणाला. “पूजा केली, सूर्याले दूध उतू घातलं.”

“कोणत्या बाजूला गेलं?”

“काय?”

“दूध, बळीराम. उतू कोणत्या बाजूला गेलं?”

तो घुटमळला. “म्हणजे... सगळ्याच बाजूनं.”

मी त्याच्या अंगणात पाहिलं. रांगोळीचा सूर्य नव्हता. गोवरीची राख नव्हती. चूल थंड. आणि खुंटीला त्याची झोळी टांगलेली, तिला टाचणीनं एक कागदी तिरंगा झेंडा लावलेला. असे झेंडे मदन महालात विकायला येत नाहीत. ते परेडच्या मैदानाच्या दाराशी विकतात.

“तू परेडला गेला होतास.”

बळीरामनं हात जोडले. “वहिनी, कोणाले सांगू नका. पाया पडतो. सणाच्या दिवशी देवाचा नैवेद्य टाकून बंदुका पाहाले गेलो. तुळशीरामजीले कळलं तर आजच काढून टाकन.”

मला हसावं की रडावं कळेना. एकाकडं देव उपाशी, एकाकडं देव गायब, आणि सगळ्यांच्या तोंडी धर्म.

“पादुका नेल्यास का तू?”

“देवाची शप्पथ, नाही! मी तर गर्दीत उभा होतो. उभा काय, उठबश्या काढत होतो! गुडघे गेले माझे.”

“उठबश्या कशाच्या?”

“मी मागं बाकावर जागा धरली होती ना. पहिली फैर झाली, लगेच बँडवाल्यांनी जन गण मनचा तुकडा वाजवला. सगळे उठले, मी उठलो. बसलो तर दुसरी फैर, पुन्हा बँड, पुन्हा उठा. तिसरी, पुन्हा उठा. एका पंजाबी साहेबानं तर मले कॉलर धरून उठवलं. म्हणाला, खड़े हो जाओ पंडितजी, राष्ट्रगीत है.”

माझ्या हातातली वात अर्धीच राहिली.

“फैरींच्या मधे बँड वाजला? प्रत्येक वेळी?”

“हो तर. धूमधडाका. कानाचे पडदे फाटले.”

“मधे शांतता नव्हती?”

“कायची शांतता जी! शांतता पाहिजे असती तर घरी नसतो का राहिलो?”

५

मी रस्त्यावर येऊन उभी राहिले. समोर मदन महालच्या किल्ल्याची टेकडी दिसत होती, काळ्या गोल दगडांची. आणि एवढा वेळ डोक्यात जे गुंतलं होतं ते सरळ झालं.

मी अंगणात शांतता ऐकली, कारण मी लांब होते. बंदुकीचा आवाज लांब जातो, बँडचा जात नाही. छावणीत बँड वाजत होता, लोक उठत होते, बसत होते, आणि मला मदन महालात त्यातलं काहीच कळलं नाही. दिवाकररावांनी मला अगदी तेच सांगितलं जे मी ऐकलं होतं, म्हणून मी त्यांच्यावर विश्वास ठेवला. आणि तिथंच मी चुकले. माझ्यासारखं ऐकायचं तर माझ्याइतकं लांब असावं लागतं.

मैदानात असलेला माणूस काहीही विसरेल, पण राष्ट्रगीताला तीनदा उठलेलं विसरणार नाही. हा माणूस मैदानात नव्हता. त्याला तो शब्द पाठ होता, शब्दाचं मूळ, मुळाचं मूळ पाठ होतं. नुसता तो सोहळा त्यानं कधी पाहिलेला नव्हता. आणि आयती ऐकू आलेली शांतता त्यानं अर्थ लावून मला सांगितली.

मग चपला. चोर चपला काढत नाही, ते खरं. पण दत्ताच्या पादुका डोक्यावर घेतलेला माणूस पायात चपला घालत नाही. मरेल पण घालणार नाही. दार उघडलं, पादुका घेतल्या, कुलूप लावलं, आणि अनवाणीच निघाला. चपला पायरीवर तशाच, परतताना उचलल्या. म्हणजे नेणारा देव न मानणारा नव्हता. देव फार मानणारा होता.

आणि जाड तळाच्या चपलेतून सराटा पायात रुतत नाही.

मी परत गेले तेव्हा दिवाकरराव टाचेला हळद लावत होते.

“भाऊजी, एक राहिलं,” मी म्हटलं. मी हळूच बोलते, लोकांना वाटतं मी विनवते आहे. “जन गण मन झालं तेव्हा तुम्ही मैदानात कुठं उभे होतात?”

“शेवटी झालं ना ते? परेड संपल्यावर. मी फाटकाजवळ होतो.”

“शेवटी?”

“म्हणजे... राष्ट्रगीत शेवटीच होतं.”

“फैरींच्या मधे होतं, भाऊजी. तिन्ही वेळा. तुम्ही आनंद म्हणालात ना, तिथं.”

त्यांच्या बोटावरची हळद तशीच राहिली. मी जन्मात पहिल्यांदा त्यांना शब्द शोधताना पाहिलं.

“किल्ल्याच्या वाटेवर एक औदुंबर आहे,” मी म्हटलं. “सराटेही तिथं पुष्कळ. दत्ताच्या पादुका तुम्ही औदुंबर सोडून दुसऱ्या कुठं ठेवल्या नसतील. जाऊन बघू, की तुम्हीच घेऊन येता?”

त्यांनी हळदीचं बोट धोतराला पुसलं. मग अगदी साध्या आवाजात म्हणाले, “पादुका गेल्या की आपण इथं पाहुणे होतो, राधाबाई. माझी हयात इथं गेली. तुळशीराम उद्या गाडीत बसला असता की मी आणून ठेवणार होतो. देवानंच जायचं नाकारलं, असं म्हटलं असतं लोकांनी. त्या पोरीवर जाईल असं मला वाटलंच नाही.”

“गेलं तेव्हा?”

“तेव्हा म्हटलं... एका रात्रीचा प्रश्न आहे.”

“रात्र तिची होती, भाऊजी. तुमची नव्हती.”

६

दिवेलागणीला सभागृह भरलं. पादुका पेटीत होत्या, औदुंबराची वाळकी पानं अजून त्यांना चिकटलेली. दिवाकररावांनी खाली मान घालून सगळं सांगितलं. थोडी कुजबुज झाली. आणि मग जे व्हायचं तेच झालं.

“चलो, मिळाल्या ना,” तुळशीरामजी म्हणाले. “देवाची कृपा. चांगल्या मनानं केलं त्यांनी, भक्तीपोटी केलं. घरातली गोष्ट घरात राहू द्या. बळीराम, आरती लाव.”

बळीरामनं निरांजन माझ्यापुढं केलं. मी टोपलीवर पदर टाकला.

“वाती नाहीत,” मी म्हटलं.

“टोपलीभर तर दिसून राहिल्या!”

“ह्या माझ्या वशाच्या आहेत. आज इथं जळायच्या नाहीत.”

“राधाबाई, देव खोळंबलाय!”

“देव सकाळपासून टेकडीवर होता, तेव्हा कोणाला घाई नव्हती. चोर म्हटलं ती पोरगी कुठं आहे? तिला कोणी सांगितलं?”

बळीरामनं वात करायला धोतराचा काठ चाचपला. मी त्याच्याकडं नुसतं पाहिलं. त्यानं काठ सोडला. झोळीवरचा झेंडा त्यालाही आठवला असावा.

शेवटी निघाले. तुळशीरामजी पुढं, कपाळाला आठ्या. दिवाकरराव लंगडत. मी मागं टोपली घेऊन. इतकी वर्षं एका वस्तीत राहून मोतीरामजींच्या घराची पायरी त्या दोघांनी कधी चढलेली नव्हती, आणि मी तरी किती चढले होते? उंबऱ्याशी दोघंही थांबले.

मोतीरामजी दारात आले. दिवाकररावांनी घसा साफ केला आणि सुरू केलं, “मोतीरामजी, परिस्थितीच्या एका विलक्षण गुंतागुंतीमुळं, अनवधानानं जो अन्याय...”

“साहेब,” मोतीरामजी म्हणाले, “साध्या मराठीत सांगा ना.”

दिवाकरराव थांबले. “पादुका मी नेल्या,” ते म्हणाले. “तुमच्या मुलीनं नाही. आणि तिच्यावर आलं ते पाहून मी गप्प बसलो.”

सुमनबाई बापाच्या मागं उभी होती. रडून डोळे सुजले होते, पण आवाज कोरडा होता.

“हे इथं कोणी ऐकलं?” ती म्हणाली. “मले चोर म्हटलं तिथं, सभागृहाच्या पायरीवर. सगळे होते. तिथं सांगा. तेवढ्याच लोकांसमोर.”

“अगं, सगळ्यांना आत सांगितलं त्यांनी,” तुळशीरामजी म्हणाले. “आता छोडो.”

“मले नाही सांगितलं. मी नव्हती.”

मग तीच वरात परत. मोतीरामजी पण आले, कारखान्याच्या खाकी सदऱ्यात. दिवाकररावांनी पायरीवर चपला काढल्या, सकाळी होत्या तिथंच, आणि सगळ्यांकडं तोंड करून पुन्हा सांगितलं. ह्या वेळी एकही जड शब्द नव्हता. सांगून झाल्यावर ते तुळशीरामजींकडं वळले. “ठाण्यात नाव द्यायचं असेल तर माझं द्या.”

तुळशीरामजींनी मटाराच्या पोत्याकडं पाहिलं. मग सुमनबाईकडं. “चुकलं माझं, बाई,” ते म्हणाले. एवढंच, आणि तेही घशातल्या घशात. पण म्हणाले.

“दाखल्याचे लोक विचाराले आले तर?” मोतीरामजींनी विचारलं.

“मी स्वतः सांगीन. नागपूरला जायच्या आधी ठाण्यात जाऊन सांगून येतो.”

सुमनबाईनं कनवटीची किल्ली काढली आणि दिवाकररावांच्या चपलांच्या शेजारी ठेवली.

“अगं, बालवाडी?” मी म्हटलं.

“आमच्या अंगणात भरन काकू. तिथं कुलूपच नाही.” दोन पावलं जाऊन ती थांबली. “ते दिवाकरकाका फैरींचा काय तो अर्थ सांगत होते म्हणे. इथं सगळे तेच बोलून राहिले. काय आहे तो?”

दिवाकरराव किल्लीकडं बघत राहिले, म्हणून मला सांगावं लागलं. “आनंदाचा अग्नी. गोळी नसते म्हणे त्यात, नुसता बार. कोणाला लागत नाही.”

मोतीरामजी हसले, दिवसभरात पहिल्यांदा. “हां. ज्याच्या हातात बंदूक असते ना वहिनी, तो असंच म्हणते.”

बापलेक गेले. त्यांची पाठ वळणावर दिसेनाशी होईपर्यंत कोणी हललं नाही. मग बळीराम निरांजन घेऊन माझ्याजवळ आला. मी पदर काढला आणि त्याला वात दिली.

आरती चालू असताना मी एकदा दाराकडं पाहिलं. दिवाकरराव आत आले नव्हते. ते पायरीवर बसले होते, शेजारी किल्ली तशीच. उचलायचं धाडस त्यांना झालं नाही, आणि बरंच झालं. आरती थांबवायला मला पुन्हा उठावं लागलं असतं.